शिकणे फर्ज कोणावर?

'आता काय शिकायचे वय राहिले का?' हे वाक्य आपल्या घरांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते कोणी कोणाला कधी ऐकवले याची आठवणही मागे उरत नाही. दहावीत राहिलेल्या आणि गॅरेजवर कामाला लागलेल्या मुलाला ते विसाव्या वर्षी ऐकावे लागते. लग्न होऊन आलेल्या सुनेला ते पंचविसाव्या वर्षी ऐकावे लागते. नातवंडांच्या वहीवरून कौतुकाने हात फिरवणाऱ्या आजीला तर ते कोणी म्हणून दाखवण्याची गरजच पडत नाही. ती स्वतःच ते म्हणते आणि हसून वही मिटते.

विशेष म्हणजे ज्या धर्माचा आरंभ 'वाच' या आज्ञेने झाला, त्याच धर्माच्या माणसांत हे वाक्य रुजून बसले आहे. ही आज्ञा ज्यांना झाली ते मुहम्मद पैगंबर (स.) त्या वेळी चाळिशीत होते आणि उम्मी होते, म्हणजे त्यांनी अक्षरज्ञान घेतलेले नव्हते. त्यांच्या भोवती जमलेल्या सहाबांपैकी कितीतरी जण संसारी, व्यापारी, कष्टकरी, कालपर्यंत गुलाम असलेले असे प्रौढ स्त्रीपुरुष होते. आयुष्याचा निम्मा प्रवास झाल्यावर ते नव्याने शिकायला बसले. पुढच्या काळातही ही परंपरा तुटली नाही. आपण कोकणातील मुसलमान शाफई मजहबाचे. या मजहबाचे खुरासानातील एक थोर इमाम अल्-कफ्फाल अल्-मरवजी हे मुळात कुलुपे बनवणारे कारागीर होते. 'कफ्फाल' या शब्दाचा अर्थच कुलूपवाला. वयाच्या तिशीपर्यंत त्यांनी हाच धंदा केला आणि मग फिकहचा अभ्यास सुरू केला. इ. स. १०२६ च्या सुमारास ते वारले, तेव्हा खुरासानातील शाफई विद्वानांचे ते अग्रणी मानले जात होते. तिशीतल्या कुलूपवाल्याला कोणी 'आता काय वय राहिले' असे म्हटले असेल की नाही ते इतिहासाने नोंदवलेले नाही. त्याने ऐकले नाही, एवढे मात्र नक्की.

पण नुसत्या अभिमानाने प्रश्न सुटत नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक आकडा होता: देशातील ६ ते १४ वयोगटातील मुसलमान मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. त्या वेळी या आकड्यावर पुष्कळ परिसंवाद झाले. पण ती मुले पुढे कोठे गेली? ती आज तिशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. ती माग चालवतात, रिक्षा चालवतात, बोटीवर जातात, आखातात मजुरी करतात, घरी विड्या वळतात, संसार करतात. ती आता 'शाळाबाह्य मुले' या सदरात मोडत नाहीत आणि दुसऱ्या कोणत्याही सदरात कोणी त्यांना घेतलेले नाही. म्हणून प्रौढ माणूस कसा शिकतो, हा प्रश्न आपल्यासाठी केवळ शिक्षणशास्त्राच्या पदवीवाल्यांचा प्रश्न नाही. आणि त्याच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न तर सरळ नीतीचा आहे: प्रौढाने शिकावे ही जबाबदारी कोणाची? त्याची एकट्याची, की आणखी कोणाची?

आम्ही स्वतः या वाटेने गेलो आहोत. लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलो आणि पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची बी. ए. पूर्ण केली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने बारावी नसलेल्यांसाठी त्या वेळी पूर्वतयारीची वाट ठेवली होती. त्या वाटेने आमच्यासारख्या किती तरी बायका आत शिरल्या. प्रौढशिक्षणाचे सिद्धान्त आमच्या हाती पडले ते नंतर. ते वाचताना कोठे 'अगदी बरोबर' असे वाटले, तर कोठे 'हे लिहिणाऱ्याच्या घरी स्वयंपाक कोण करीत असेल?' असा विचार मनात आला. हा लेख त्या दोन्हींविषयी आहे.

या विषयातले सर्वांत गाजलेले नाव अमेरिकेच्या माल्कम नोल्स यांचे. 'अँड्रागॉजी' हा शब्द त्यांनी १९६८ पासून प्रचारात आणला. शब्द त्यांचा नव्हता. अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकाने तो १८३३ मध्येच वापरला होता. पण मूल शिकते त्याहून प्रौढ माणूस वेगळ्या रीतीने शिकतो, ही गोष्ट जगभर पटवून दिली ती नोल्स यांनी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. प्रौढाला आपण स्वतःचे निर्णय स्वतः घेणारे माणूस आहोत ही जाणीव असते, म्हणून शिकण्यातही त्याला दुसऱ्याच्या हुकमाखाली राहायला आवडत नाही. त्याच्याजवळ अनुभवाची शिदोरी असते. आयुष्यात जी भूमिका वाट्याला येते, तिच्या गरजेतून त्याला शिकण्याची ओढ लागते. आणि जे शिकेल ते उद्याच वापरता यावे, पंधरा वर्षांनी नव्हे, अशी त्याची अपेक्षा असते.

शेवटची दोन विधाने तर आमच्याच घराला पाहून लिहिली असावीत. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतील कर्ता पुरुष आखातात असतो. तेथून ड्राफ्ट येतो, बँकेचा कागद येतो, व्हिसाच्या मुदतीचे पत्र येते, मुलाच्या शाळेतून चिठ्ठी येते. पूर्वी या कागदांसाठी गावातल्या एखाद्या शिकलेल्या माणसाचे दार गाठावे लागे आणि आपल्या घरातली शिल्लक किती, हे त्याला आपल्या आधी कळे. त्या लाजेतून जी शिकण्याची ओढ निर्माण होते ती कोणत्याही बक्षिसातून होत नाही. व्याजाची उदाहरणे शाळेत असताना आम्हाला डोंगरासारखी वाटत. सोसायटीच्या कर्जाचा कागद हातात आला तेव्हा तीच उदाहरणे दोन संध्याकाळींत सुटली. गणित तेच होते, गरज नवी होती.

अनुभवाच्या शिदोरीची गोष्ट मात्र जरा थांबून पाहिली पाहिजे. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते ती साक्षर. या व्याख्येने आमच्या सासूबाई निरक्षर होत्या. एसटीची पाटी त्यांना वाचता येत नसे. पण रोज फजरनंतर त्या कुरआन शरीफ उघडून बसत आणि एकही अक्षर न चुकता अरबी पठण करीत. अर्थ कळत नव्हता हे खरे. तरीही अक्षर म्हणजे आवाजाची खूण, खुणा जोडल्या की शब्द होतो, ओळ डोळ्यांनी धरून पुढे सरकायचे असते, हे वाचनाचे सारे मूळ तंत्र त्यांना लहानपणापासून अवगत होते. आपल्या समाजात अशा स्त्रिया गावोगावी आहेत. नाझिरा पूर्ण केलेल्या, आणि सरकारी कागदावर मात्र अंगठा उठवणाऱ्या.

आम्ही त्यांना देवनागरी शिकवायला बसलो तेव्हा बाजारात मिळणारे अंकलिपीचे पुस्तक त्यांनी दोन दिवसांत बाजूला सारले. 'कमळाचा क' त्यांना पोरखेळ वाटला. मग बाराखडीची सांगड आम्ही त्यांच्या मक्तबच्या पाठाशी घातली. बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु, हे त्या सत्तर वर्षे म्हणत आल्या होत्या. ब, बि, बु ही आमची बाराखडी त्याच चालीवर बसली. जेर अक्षराखाली येतो आणि वेलांटी अक्षरावरून जाते, त्यांचे अक्षर उजवीकडून चालते आणि आमचे डावीकडून, एवढाच फरक. त्या स्वतःच म्हणाल्या, 'हे तर तेच आहे, फक्त उलट्या वाटेने आलेले.' काही महिन्यांत त्या बसची पाटी आणि औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचू लागल्या.

प्रौढाला जे येते तेथून सुरुवात करा, हे सांगायला कोणा पाश्चात्त्य पंडिताची गरज नाही असे कोणी म्हणेल. तरी आपल्याकडच्या साक्षरता वर्गांत हे किती वेळा झाले? ब्राझीलच्या पाउलो फ्रेअरी यांनी १९६३ मध्ये अंगिकोस या गावी तीनशे मजुरांना सुमारे चाळीस तासांत वाचायला शिकवण्याचा जो प्रयोग केला, त्याचे मर्म हेच होते. त्यांनी आधी मजुरांच्या बोलण्यातले शब्द गोळा केले. वीट हा असा एक शब्द. विटा रचणाऱ्याला 'वीट' वाचायला शिकवायची, तिचे अवयव सुटे करायचे आणि त्यांतून नवे शब्द घडवायचे. त्याचबरोबर ही वीट कोण वाहतो आणि तिच्या घरात कोण राहतो, याचीही चर्चा वर्गात चाले. शिकणाऱ्याचे डोके म्हणजे शिक्षकाने ठेव भरण्याची तिजोरी नव्हे, हे फ्रेअरी यांचे म्हणणे तेथून आले. पुढच्याच वर्षी लष्करी सत्ता आली, त्यांना तुरुंगात टाकले गेले आणि देश सोडावा लागला. मजुराने वीट वाचणे एवढी साधी गोष्ट सत्तेला का खुपावी, हे ज्याने कधी दुसऱ्याकडून आपले पत्र वाचून घेतले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

पण अनुभव हा नेहमीच गुरू असतो का? आपल्याकडे 'आजी अडाणी होती, पण शहाणी होती' असे म्हणून अडाणीपणाचेच कौतुक करण्याची एक रीत आहे. आजी शहाणी होती यात शंका नाही. तिच्या अनुभवाने तिला माणसे ओळखायला शिकवले, भरती-ओहोटी आणि पेरणीची वेळ ओळखायला शिकवले. त्याच अनुभवाने तिला हेही शिकवले की बाईने वर मान करून बोलू नये आणि मुलीला सातवीपुढे पाठवू नये. अनुभवात शहाणपण असते तसा सोसलेल्या अपमानाचा गाळही असतो. दोन्ही एकाच भांड्यात असतात. म्हणून अनुभवाचा मान राखणे ही प्रौढशिक्षणाची पहिली पायरी झाली. त्या अनुभवाला प्रश्न विचारणे ही दुसरी.

या दुसऱ्या पायरीविषयी लिहिले ते जॅक मेझिरो यांनी. संसार आणि मुलेबाळे सांभाळून पुन्हा कॉलेजात आलेल्या अमेरिकन स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९७८ मध्ये आपला सिद्धान्त मांडला. त्यांचे म्हणणे असे की, प्रौढाचे खरे शिक्षण बऱ्याचदा एखाद्या पेचातून सुरू होते. आजवर ज्या चौकटीतून जग पाहिले ती अपुरी पडते, माणूस गोंधळतो, आपल्या गृहीतांची तपासणी करतो, आपल्यासारखेच इतरही आहेत हे त्याच्या ध्यानात येते आणि हळूहळू तो नव्या नजरेने जगू लागतो.

हे वाचताना आम्हाला मेहेरची आठवण झाली. मेहेर माफ करून घेण्याची रीत आपल्या कितीतरी कुटुंबांत धर्माचाच भाग असल्यासारखी पाळली गेली आहे. लग्नाच्या रात्री नवऱ्याने म्हणायचे आणि बायकोने मान हलवायची, किंवा नवऱ्याच्या मयतीपाशी चार बायकांनी विधवेकडून ते वदवून घ्यायचे. कुरआनचा मराठी अनुवाद वाचताना सूरह निसापाशी आलो तेव्हा तेथे मेहेर स्त्रीला खुशीने देण्याची आज्ञा दिसली, आणि तिने आपल्या मर्जीने त्यातले काही सोडले तरच ते घेण्याची मुभा. मर्जी म्हणजे दबावाखाली हलवलेली मान नव्हे, हे समजायला पंडित असावे लागत नाही. वाचता मात्र यावे लागते. ज्याला आपण दीन समजत होतो तो रिवाज होता, हे कळण्याचा तो क्षण सुखाचा नव्हता. पण शिक्षण झाले असे म्हणायचे तर ते त्या दिवशी झाले. पदवीचा कागद त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आला.

आपल्या परंपरेत अशा पेचाचे सर्वांत प्रांजळ वर्णन करून ठेवले आहे ते इमाम गझाली यांनी. बगदादच्या निजामिया मदरशातले ते सर्वांत मानाचे अध्यापक. इ. स. १०९५ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांना आपण शिकवतो ते कशासाठी, या प्रश्नाने ग्रासले. व्याख्यानाला उभे राहावे तर जीभ उचलेना, अन्न जाईना. अखेर मानमरातब सोडून ते बाहेर पडले, दमास्कस, जेरुसलेम, मक्का-मदिना असे फिरले आणि सुमारे अकरा वर्षांनी पुन्हा निशापूरला शिकवायला बसले. पूर्वी शिकवत होते ते प्रतिष्ठेसाठी, आता वेगळ्या कारणासाठी, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. मेझिरो यांचा सिद्धान्त आठशे-नऊशे वर्षे आधी एका माणसाने जगून दाखवला असे म्हटले तरी चालेल.

मात्र त्या आत्मवृत्तात एक लहानसा तपशील आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. निघण्यापूर्वी गझालींनी संपत्ती वाटून टाकली, पण मुलाबाळांच्या पोटापुरते मागे ठेवले. आणि पुढे मुलांच्या ओढीने ते घराकडे परतले, हेही ते सांगतात. म्हणजे इमाम साहेब आत्मशोधात असताना मागे एक घर चालू होते. मुले जेवत होती, आजारी पडत होती, मोठी होत होती. ते घर कोणी चालवले, तिचे नाव त्या पुस्तकात नाही.

मेझिरो यांच्या बाबतीतही असाच एक तपशील आहे. हा सगळा सिद्धान्त त्यांना सुचला तो त्यांची पत्नी मध्यम वयात पदवी पूर्ण करण्यासाठी कॉलेजात परतली तेव्हा. तिच्यात होणारा बदल त्यांनी जवळून पाहिला. एका घरातली बाई शिकायला गेली म्हणून जगाला एक सिद्धान्त मिळाला. आपल्या मोहल्ल्यातल्या किती घरांत हे घडू शकते? आणि घडत नसेल तर कशामुळे?

येथे आम्हाला नोल्स यांच्या पहिल्या विधानाकडे परत यावे लागते. प्रौढ माणूस स्वयंप्रेरित असतो, स्वतःच्या शिकण्याची दिशा स्वतः ठरवतो, असे ते म्हणतात. विधान मानाचे आहे, आणि प्रौढाला पोरासारखे वागवणाऱ्या मास्तरांना ते ऐकवलेच पाहिजे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: त्या प्रौढाची संध्याकाळ मोकळी आहे. आम्ही एकट्या शिकलो असे लोक म्हणतात, सत्कारात तसे बोलतातही. हिशोब मांडला तर चित्र वेगळे दिसते. असर ते मगरिब या दोन तासांत आम्ही पुस्तक घेऊन बसू शकलो, कारण तेवढा वेळ चूल, मुले आणि दारात येणारा-जाणारा सासूबाईंनी सांभाळला. रविवारी अभ्यासकेंद्रावर तालुक्याला जाता आले, कारण शेजारणीने धाकट्याला आपल्या घरी जेवू घातले. ज्या बाईला स्वतःला पाटी वाचता येत नव्हती तिच्या दोन तासांवर आमची बी. ए. उभी आहे. स्वयंप्रेरणा आमची होती हे खरे, वेळ मात्र दुसऱ्याचा होता.

जे स्त्रीचे, तेच थोड्या फरकाने कष्टकरी पुरुषाचे. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा माणूस रात्रशाळेत पोहोचतो तेव्हा त्याचे डोळे मिटत असतात. १८५५ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती याच ओळखीतून: ज्याचा दिवस विकला गेलेला असतो त्याला शिकवायचे तर शाळेने आपली वेळ बदलली पाहिजे. मुंबईत कुलसुम सयानी यांनी एक पाऊल आणखी पुढे टाकले. पडद्यातल्या स्त्रिया वर्गात येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी वर्गच घरोघरी नेला. शिकलेल्या स्त्रियांना पुढे वाचायला काहीतरी हवे म्हणून १९४० पासून वीस वर्षे त्यांनी 'रहबर' हे पाक्षिक चालवले. भाषा सोपी हिंदुस्थानी, आणि लिप्या तीन: नागरी, उर्दू, गुजराती. जिला जी लिपी येते तिला त्या लिपीत. त्यांचे चिरंजीव अमीन सयानी यांनी तरुणपणी याच पाक्षिकाच्या कामात हात दिला होता. रेडिओवरची त्यांची ती सर्वांना समजणारी सोपी भाषा कोणत्या शाळेत घडली, हे यावरून कळते. कुलसुमबाईंनी नोल्स वाचलेले असण्याचा प्रश्नच नव्हता. स्त्रीची संध्याकाळ कोणाच्या ताब्यात असते, हे त्यांना ठाऊक होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्ञान मिळवणे प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे, या अर्थाची हदीस आपल्या प्रत्येक जलशात सांगितली जाते. ती सांगताना भर असतो तो शिकणाऱ्यावर: तू शिकले पाहिजेस, तू आळशी आहेस, तुझ्यात तळमळ नाही. पण आपल्या फिकहने फर्जचे दोन प्रकार केलेले आहेत. नमाज, रोजा हे फर्जे-ऐन. ज्याचे त्याने करायचे, दुसऱ्याने करून चालत नाही. जनाजाची नमाज फर्जे-किफाया. काही जणांनी अदा केली तर सर्व सुटतात, आणि कोणीच केली नाही तर सारी वस्ती गुन्हेगार ठरते. गझालींनी वैद्यक, हिशोब, इतकेच काय विणकामासारखे धंदेही या दुसऱ्या प्रकारात घातले आहेत, कारण त्यांच्याविना समाज चालत नाही.

आमचे म्हणणे असे आहे की, प्रौढाने शिकणे हे त्याच्यापुरते फर्जे-ऐन मानले, तरी त्याला शिकण्यासाठी वेळ, जागा आणि निर्भयता मिळवून देणे हे फर्जे-किफाया आहे. आम्ही आलिम नाही आणि हा फतवा नाही. एका शिकणाऱ्या बाईने आपल्या परंपरेतल्या शब्दांनी केलेला हा विचार आहे. प्रौढशिक्षणाचे सिद्धान्त पहिल्या फर्जविषयी पुष्कळ सांगतात. दुसऱ्याविषयी ते कमी बोलतात, आणि आपण तर त्याहूनही कमी. मोहल्ल्यातली एक बाई शिकायची इच्छा मनात ठेवून म्हातारी झाली आणि तिचे दोन तास कोणीच सांभाळले नाहीत, तर ते तिचे दुर्दैव म्हणून सोडून देता येणार नाही. त्याचा जाब वस्तीला द्यावा लागेल.

यावर नेहमीचा आक्षेप असा: आधी मुलांना शिकवू या, पैसा आणि माणसे थोडी आहेत, म्हाताऱ्याकोताऱ्यांवर ती का खर्चावीत? आक्षेप दुष्टपणाचा नाही, टंचाईतून आलेला आहे. पण मूल ज्या घरात परतते त्या घरात आईला त्याची वही वाचता येत नसेल, तर शाळेतला अर्धा खर्च दारातच सांडतो. आणि माणसाची किंमत तो पुढे काय कमावणार यावर लावायची नसते, हेही आपल्याला शिकवलेले आहे. अंध सहाबी अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम शिकण्याच्या ओढीने आले, तेव्हा पैगंबर (स.) कुरैशच्या मातब्बरांशी बोलण्यात गुंतलेले होते. त्या प्रसंगी सूरह अबस अवतरली आणि जो स्वतः चालत शिकायला आला त्याचा हक्क त्या मातब्बरांच्या आधीचा आहे, ही समज खुद्द पैगंबरांना दिली गेली. त्या अंध माणसाच्या शिकण्याने कुरैशशी चाललेल्या राजकारणात काय फायदा होणार होता? काहीही नाही. तरीही अग्रक्रम त्याचा ठरला. पुढे त्यांना मदिनेत अजानचे कामही मिळाले. पण ती समज आली तेव्हा त्या अजानचा हिशोब कोणी केलेला नव्हता.

काय करता येईल, हेही फार अवघड नाही. केंद्र सरकारचा 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आहे. तो पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे आणि स्वयंसेवकांच्या भरवशावर चालतो. आपल्या जमातीच्या किती तरुणांनी त्यात नाव दिले आहे? जमातखान्याची मोठी खोली आठवड्यातले कितीतरी तास बंद असते. मक्तबमधल्या आपांना अरबी अक्षरे शिकवता येतात. नाझिरा झालेल्या बायांना त्याच वाटेने देवनागरीत आणायला त्यांच्याहून योग्य कोण? वर्गाच्या शेजारच्या खोलीत लहान मुलांना दोन तास खेळवणारे कोणी ठेवले, तर त्या एका व्यवस्थेने जेवढ्या बायका शिकायला येतील तेवढ्या दहा भाषणांनी येणार नाहीत. आणि पुरुषांनी घरकामाचा थोडा वाटा उचलावा. पैगंबर (स.) घरात असताना घरच्या कामात हात लावत, ही हजरत आयेशा यांची साक्ष आपण जलशात ऐकतोच.

उशिरा शिकलेल्यांवर आणखी एक देणे आहे. ज्यांच्या वेळेवर आपण शिकलो त्यांचा वेळ परत करायचा असतो, शक्यतो त्यांनाच, नाहीतर त्यांच्यासारख्या दुसऱ्या कोणाला. प्रशस्तिपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावले की हे देणे फिटत नाही. मोहल्ल्यातल्या पुढच्या बाईसाठी असर ते मगरिब आपण मोकळे ठेवले की ते थोडे थोडे फिटत जाते.

तेव्हा यापुढे घरात कोणी शिकायचे नाव काढले तर तिचे वय विचारू नये. संध्याकाळच्या भाकऱ्या कोण थापणार, एवढेच विचारावे. आणि त्याचे उत्तरही आपणच द्यावे.